विंडोजचं बिऱ्हाड हलवताना



बिऱ्हाड हलवणं म्हणजे काय, हे बदलीची नोकरी असलेल्या घरातल्या बायकांना सांगायला नको. डबे, भांडी, गाद्या टेम्पोत चढतात. पण भिंतीतलं वायरिंग आणि नळाची जोडणी काही उचलून नेता येत नाही. संगणकाचंही तसंच आहे. फोटो, पत्रं, मुलांच्या नोट्स हे आपलं सामान. विंडोज म्हणजे घरातलं वायरिंग. ते एका डिस्कवरून दुसरीवर नुसतं ओढून टाकलं, तर संगणक सुरूच होणार नाही. कारण सुरू होण्यासाठी लागणाऱ्या काही फाइली डिस्कच्या दडलेल्या भागात असतात.

पण हलवायचंच कशाला? आपल्या हिंगोली-वसमतकडे पुष्कळ घरांत सात-आठ वर्षांपूर्वीचे संगणक आहेत. बटण दाबावं, चहा ठेवावा, चहा पिऊन व्हावा, तरी पडदा काही उघडत नाही! या जुन्या हार्ड डिस्कमध्ये एक तबकडी मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० वेळा फिरते आणि तिच्यावरून एक बारीक सुई माहिती शोधत हिंडते. नव्या एसएसडीत फिरणारं काहीच नसतं, म्हणून माहिती झटकन सापडते. संगणक बाकी धडधाकट असेल, तर नवा घेण्याआधी एवढी एक वस्तू बदलून पाहावी.

आता खरी काळजीची गोष्ट. दुकानात संगणक नेला की पुष्कळदा सरळ उत्तर मिळतं, “ताई, फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकून देतो.” माझ्या ओळखीच्या एका बाईंच्या घरी असंच झालं. सासऱ्यांच्या पंच्याहत्तरीचे सगळे फोटो डेस्कटॉपवर होते, आणि डेस्कटॉप म्हणजे सी ड्राइव्हच, हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं. सासरे आता नाहीत, आणि ते फोटोही नाहीत. दुकानदाराला तरी काय माहीत, आत काय आहे? ते आपल्यालाच माहीत असतं. म्हणून संगणक जरी ‘ह्यांचा’ असला, तरी दुकानात जाताना आपणही बरोबर जावं.

फॉरमॅटऐवजी ‘क्लोनिंग करून द्या’ असं सांगा. यात जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल नव्या डिस्कवर उतरते; विंडोज, हिशेबाचं सॉफ्टवेअर, फॉन्ट, सगळं जागच्या जागी. मराठी प्रश्नपत्रिका कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टात करणाऱ्या आम्हा शिक्षिकांना याचा मोठा उपयोग. फॉन्ट गेला की त्या फाइलीत अगम्य खुणाच दिसतात. क्लोनझिलासारखी सॉफ्टवेअर यासाठी फुकट मिळतात.

काम घरी करा की दुकानात, एवढं लक्षात ठेवा:

१. आधी फोटो आणि कागदपत्रं पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर उतरवून ठेवा. ही पायरी गाळायचीच नाही.

२. जुन्या डिस्कवर जेवढी जागा भरली आहे, त्यापेक्षा एसएसडी मोठी हवी. ती दोन-तीन प्रकारच्या आकारांत येते. आपल्या संगणकात कुठली बसते, ते आधी विचारून घ्या.

३. डिस्कला बिटलॉकरचं कुलूप असेल, तर त्याची ४८ आकड्यांची किल्ली वहीत लिहून ठेवा. नाहीतर आपल्याच घराबाहेर उभं राहायची पाळी येईल.

४. नक्कल करताना ‘कुठून’ आणि ‘कुठे’ हे दोनदा वाचा. इथे उलट झालं, तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते आणि सगळं पुसलं जातं. नव्या डिस्कवर आधीचं काही असेल, तर तेही जातं.

५. आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही. तेव्हा काम इन्व्हर्टरवर करावं. लॅपटॉप असेल, तर बॅटरी पूर्ण भरून चार्जर लावूनच ठेवावा.

६. नक्कल झाल्यावर पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क काढून ठेवा. दोन्ही जोडल्या, तर संगणकाचा गोंधळ उडतो.

एसएसडी लहानच परवडली, तर निदान फोटो आणि कागदपत्रं दुसऱ्या डिस्कवर ठेवता येतात. ‘डॉक्युमेंट्स’ फोल्डरवर उजवं बटण दाबून प्रॉपर्टीज, मग लोकेशन, मग मूव्ह, असं करावं. मात्र ‘विंडोज’ आणि ‘प्रोग्रॅम फाइल्स’ या दोन फोल्डरांना हात लावू नये.

बऱ्याच जणींना वाटतं, की नवी डिस्क टाकली म्हणजे विंडोजही नवं झालं. तसं नाही. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. विंडोज ११ ला संगणकाचा प्रोसेसरही त्यांच्या यादीतला लागतो. डिस्क बदलून तो बदलत नाही. तेव्हा खर्च करण्याआधी, या संगणकावर ११ चालेल का, हे विचारून घ्या. चालणार नसेल, तर बँकेचे व्यवहार त्यावर करू नयेत; टायपिंगला आणि मुलांच्या अभ्यासाला तो वापरा.

आणि जुनी डिस्क? ती दुकानदाराकडे सोडू नका, भंगारातही देऊ नका. तिच्यावर आपलं अख्खं घर असतं: फोटो, आधारची प्रत, बँकेचे कागद. महिनाभर नवी डिस्क नीट चालते का ते बघा, तोवर जुनी कापडात गुंडाळून कपाटात ठेवा. मग हवं तर तिच्यावर फोटोंची दुसरी प्रत ठेवा. एसएसडी अचानक बंद पडली, तर आतलं परत मिळवणं फार अवघड असतं. हळदीचं बेणं आपण सगळं एकाच ढिगात ठेवत नाही, मग फोटो तरी एकाच जागी का ठेवावेत?