दादा सांगतात, आम्ही ऐकतो

आपला लेखक कादंबरी लिहायला बसला की पहिल्या पानावरच एका म्हाताऱ्या दादांना खाटेवर बसवतो. हातात तसबीह, समोर अंगण. मग फ्लॅशबॅक सुरू! ताबूत सारे गाव मिळून उचलायचे, शेजारच्या काकूंकडे शीरखुर्मा जायचा, सगळे कसे छान होते. दादांचे डोळे पाणावतात आणि कादंबरी संपते. या सोयीला आमचा विरोध आहे.

आठवणीला विरोध नाही. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’चा बहुतेक भाग फेब्रुवारी १९३३ मध्ये आपल्या नाशिकच्या तुरुंगात लिहिला. ते पुस्तक म्हणजे मागे वळून सांगणेच आहे. पण गुरुजी तेव्हा ३३ वर्षांचे होते, आई जाऊन १५ वर्षे झाली होती. त्यांचा श्याम आश्रमातल्या मित्रांपुढे बसून रोज रात्री सांगतो. पोहायच्या भीतीने लपलो, चोरी केली, हेही सांगतो. म्हणजे फ्लॅशबॅकला पिकलेले केस लागत नाहीत, स्वतःला न वाचवणारा निवेदक लागतो.

वृद्धच हवा असेल तर याच शहरातल्या शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ (१९७०) पाहा. नाटक आहे, पण मुद्दा तोच. अप्पा बेलवलकरांवर आपण जीव लावतो, तरी त्यांचे प्रत्येक म्हणणे खरे मानत नाही.

आमच्या घरांत मात्र बुजुर्गांना मध्येच टोकणे ही बेअदबी. तीच अदब लेखक कादंबरीत आणतो. दादांनी वगळलेली वर्षे मग कायमची वगळली जातात. हमीद दलवाईंशी कुणाचे कितीही मतभेद असोत (आमचेही आहेत), ‘इंधन’मधला (१९६५) गावी परतलेला निवेदक आपल्या माणसांकडे उघड्या डोळ्यांनी पाहतो, हे कबूल करावेच लागेल.

जिल्ह्यातल्याच मालेगावच्या एखाद्या दादीला निवेदक करा. सप्टेंबर २००६ च्या बॉम्बस्फोटांनंतर मुस्लिम तरुणच पकडले गेले. त्यांतल्या हयात आठ जणांना न्यायालयाने २०१६ मध्ये आरोपमुक्त केले. मधली दहा वर्षे अशा घरांनी कशी काढली? दादी सांगेल, ‘अल्लाहने निभावून नेले,’ आणि लगेच आपल्या लग्नाच्या वरातीकडे वळेल. तिथे नातवाने तिला अडवावे. त्या दहा वर्षांत आपल्या घरी कोण कोण यायचे बंद झाले, त्यांत आपले नातेवाईक किती, मशिदीत अब्बांच्या शेजारी कोण उभे राहत होते, हे विचारावे. दादी चिडेल, गप्प बसेल, तेही लिहावे.