चार आण्यांची जागा

आपल्याकडील चित्रपटगृहांचा इतिहास ७ जुलै १८९६ पासून सांगितला जातो. त्या दिवशी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे दाखवली गेली. तिकीट एक रुपया. म्हणजे साध्या मजुराच्या दिवसभराच्या कमाईहून अधिक. माझ्या मते ही तारीख सिनेमाच्या आगमनाची आहे, चित्रपटगृहाच्या जन्माची नव्हे.

१४ जुलैपासून हेच खेळ नॉव्हेल्टी या नाटकगृहात होऊ लागले. महिना संपण्यापूर्वी तेथे चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत दर ठरले. पडदानशीन स्त्रियांसाठी स्वतंत्र कक्षही राखले गेले. यंत्र आणि पडदा हॉटेलातही होते. नव्हता तो चार आण्यांचा प्रेक्षक. १९१३ मध्ये गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ला ज्या सामान्य प्रेक्षकाने गर्दी केली, त्याच्यासाठी दार प्रथम उघडले ते असे.

आज एकपडदा चित्रपटगृहे बंद पडतात, तेव्हा आपण वास्तूसाठी हळहळतो. खरी हानी स्वस्त जागेची आहे. ती नाहीशी झाली, तर कितीही पडदे वाढले तरी आपण पुन्हा त्या हॉटेलातच जाऊन बसू.