मासिक चॅनलसारखं दिसू लागलं की काय बदलतं? 'ईएसपीएन द मॅगझिन'ची गोष्ट

ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेत एक करार जाहीर झाला. 'एनएफएल' ही अमेरिकन फुटबॉलची सर्वात मोठी लीग. तिला 'ईएसपीएन' या क्रीडा वाहिनीत 10 टक्के हिस्सा मिळणार आणि बदल्यात लीगचं स्वतःचं चॅनल ईएसपीएनकडे जाणार, असं ठरलं. म्हणजे ज्या लीगच्या बातम्या द्यायच्या, तीच लीग मालकांच्या रांगेत येऊन बसणार.

साहजिकच प्रश्न विचारला गेला: आता या लीगबद्दल खरं कोण लिहिणार? पण हा प्रश्न 2025 मध्ये जन्मला नाही. ईएसपीएनच्या घरात तो आधी एका मासिकाच्या रूपाने येऊन गेला आहे.

आधी चॅनल, मग मासिक

ईएसपीएन 7 सप्टेंबर 1979 रोजी कनेक्टिकट राज्यातल्या ब्रिस्टल या छोट्या शहरातून सुरू झालं. चोवीस तास फक्त खेळ, ही कल्पना तेव्हा अनेकांना हास्यास्पद वाटली होती. पण 'स्पोर्ट्ससेंटर' या बातम्यांच्या कार्यक्रमाने चॅनलला स्वतःची भाषा दिली. ती भाषा वेगवान, थट्टेखोर आणि मित्राने कट्ट्यावर बोलावं तशी होती.

छापील जगात मात्र राज्य होतं 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड'चं. 1954 मध्ये सुरू झालेलं हे साप्ताहिक दीर्घ लेखांसाठी आणि छायाचित्रांसाठी ओळखलं जायचं. मार्च 1998 मध्ये ईएसपीएनने त्याच्यासमोर आपलं मासिक उभं केलं. पहिले संपादक जॉन पॅपनेक हे स्पोर्ट्स इलस्ट्रेटेडमधूनच आलेले होते. नावात 'मॅगझिन' असलं तरी ते पंधरवड्याला निघायचं.

पहिल्या मुखपृष्ठावर कोबी ब्रायंट आणि अॅलेक्स रॉड्रिग्ज यांच्यासह चार तरुण खेळाडू होते आणि एकच शब्द होता: 'नेक्स्ट'. गेल्या आठवड्यात काय झालं ते चॅनलने दाखवलेलंच आहे, आपण पुढे काय होणार ते सांगू, असा त्याचा अर्थ.

रूप जुळवायचं म्हणजे नेमकं काय?

मासिकाचं रूप चॅनलशी जुळवणं म्हणजे फक्त लोगो तोच ठेवणं नव्हे. त्याचे साधारण तीन थर असतात.

पहिला दिसण्याचा. अक्षरं, रंग, पानांची मांडणी. हे मासिक इतर मासिकांपेक्षा आकाराने मोठं होतं. भडक रंग, छोट्या चौकटी, एका नजरेत वाचून होणारे तुकडे यांनी पान भरलेलं असे. पान उलटताना टीव्हीचा पडदा बदलल्यासारखं वाटावं, अशी ती रचना.

दुसरा आवाजाचा. स्पोर्ट्ससेंटरचे निवेदक डॅन पॅट्रिक यांचं मुलाखतींचं सदर मासिकात यायचं. रात्री पडद्यावर पाहिलेला चेहरा सकाळी पानावर.

तिसरा थर वाचकाला दिसत नाही. मासिक कुठून निघतं, संपादक कुणाला उत्तर देतो, जाहिराती कोण विकतं? मासिकाचं कार्यालय सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये होतं. 2011 मध्ये ते ब्रिस्टलला, म्हणजे चॅनलच्या आवारात हलवण्यात आलं. रंग आणि फॉन्टपेक्षा हा बदल मोठा होता.

कंपनीला यातून काय मिळतं?

हिशेब सरळ आहे. मोटार किंवा बिअर विकणाऱ्या कंपनीला टीव्ही, वेबसाइट आणि मासिक अशी तिन्हीकडची जाहिरात एकाच व्यवहारात विकता येते. ईएसपीएनच्या वेबसाइटवरचा सशुल्क मजकूर आणि मासिकाची वर्गणी एकत्र दिली जात असे. मासिकाचा खप त्यामुळे 20 लाखांच्या घरात पोहोचला.

उलटा प्रयोगही झाला होता. स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड आणि सीएनएन एकाच मालकाकडे आल्यावर डिसेंबर 1996 मध्ये 'सीएनएन-एसआय' हे चॅनल निघालं. 2002 मध्ये ते बंद पडलं. मासिकाचं नाव लावून चॅनल चालत नाही, पण चॅनलचं नाव लावून मासिक खपतं, असा धडा त्यातून निघाला.

मग अडचण कुठे आहे?

क्रीडा वाहिनीचा धंदा सामने दाखवण्याच्या हक्कांवर चालतो. सोमवार रात्रीच्या फुटबॉल सामन्यांच्या हक्कांसाठी 2011 च्या करारानुसार ईएसपीएन एनएफएलला वर्षाला सुमारे 1.9 अब्ज डॉलर देणार होतं. त्याच लीगमध्ये खेळाडूंच्या डोक्याला होणाऱ्या इजांचं प्रकरण तापत होतं.

ईएसपीएनचेच दोन पत्रकार, मार्क फायनारू-वाडा आणि स्टीव्ह फायनारू, या विषयावर पुस्तक लिहीत होते. 'फ्रंटलाइन' ही सार्वजनिक वाहिनीवरची माहितीपट मालिका आणि ईएसपीएन यांनी त्यावर वर्षभराहून अधिक काळ एकत्र काम केलं. ऑगस्ट 2013 मध्ये ईएसपीएनने अंग काढून घेतलं. माहितीपटावर आपलं संपादकीय नियंत्रण नाही, म्हणून आपलं नाव आणि लोगो नको, असं कारण देण्यात आलं. लीगचा दबाव आल्याच्या बातम्या छापून आल्या. ईएसपीएनने आणि लीगने त्या नाकारल्या.

पण त्याच पुस्तकाचा भाग ऑक्टोबरमध्ये 'ईएसपीएन द मॅगझिन'ने छापला. म्हणजे ज्या विषयावरून चॅनलने आपला लोगो काढून घेतला, तोच विषय त्याच लोगोच्या मासिकात आला. सप्टेंबर 2015 मध्ये डॉन व्हॅन नाटा ज्युनिअर आणि सेथ विकरशॅम यांचा लीगच्या कारभाराची चिरफाड करणारा शोधलेखही याच संस्थेतून आला.

आवाराच्या आत राहूनही मासिकाला स्वतःची खोली होती, असाच याचा अर्थ निघतो. महिनोन् महिने एका विषयामागे राहणं, वकिलांकडून तपासून घेणं आणि आठ-दहा पानं देणं ही मासिकाची शिस्त होती. रूप कितीही सारखं केलं तरी ती शिस्त टिकली होती, तोवर वाचकाचं फारसं बिघडलं नव्हतं.

छापील अंक बंद का झाला?

2011 च्या सुमारास ईएसपीएन अमेरिकेत सुमारे 10 कोटी घरांत पोहोचलं होतं. त्यानंतर लोक केबल सोडू लागले. ऑक्टोबर 2015 मध्ये 'ग्रँटलँड' ही ईएसपीएनची दीर्घ लेखांची वेबसाइट बंद झाली. 2017 मध्ये दोनदा मोठी नोकरकपात झाली. मासिकाचे अंक कमी होत गेले आणि सप्टेंबर 2019 मध्ये नियमित छपाई थांबली.

चॅनलच्या खर्चाला कात्री लागली की त्याच्यासारखं दिसणारं सगळंच त्या कात्रीखाली येतं. पण स्वतंत्र दिसणारं मासिक वाचतंच, असंही नाही. स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड त्याच 2019 मध्ये 11 कोटी डॉलरला विकलं गेलं, तेही ब्रँडची नावं विकत घेऊन भाड्याने देणाऱ्या कंपनीला. जानेवारी 2024 मध्ये तिथेही मोठ्या कपातीची वेळ आली.

भारताचा संबंध काय?

भारतीय वाचकांच्या मोबाइलमध्ये ईएसपीएनचं नाव आजही आहे, ते 'ईएसपीएन-क्रिकइन्फो'मुळे. 1993 मध्ये हौशी क्रिकेटप्रेमींनी उभी केलेली ही वेबसाइट ईएसपीएनने 2007 मध्ये विकत घेतली आणि पुढे तिच्या नावाआधी आपलं नाव लावलं. 2012 मध्ये ईएसपीएन भारतातल्या स्टार स्पोर्ट्सबरोबरच्या भागीदारीतून बाहेर पडलं. चॅनल गेलं, वेबसाइट राहिली.

याचा एक फायदा वाचकाला झाला. भारतात बीसीसीआयच्या सामन्यांचं प्रक्षेपण बोर्डाच्या देखरेखीखाली होतं आणि समालोचकही बोर्ड ठरवतं. हर्षा भोगले यांना 2016 मध्ये आयपीएलच्या समालोचनातून, तर संजय मांजरेकर यांना मार्च 2020 मध्ये बोर्डाच्या यादीतून वगळण्यात आलं. मांजरेकर पुढे समालोचनात परतले, पण मधल्या काळातही क्रिकइन्फोवर त्यांचं विश्लेषण सुरूच होतं. माइक गेला तरी बोलायला दुसरी जागा होती.

आता पुढे काय?

ईएसपीएन आणि एनएफएल या दोघांचं म्हणणं आहे की हिस्सा घेतल्याने बातमीदारीत ढवळाढवळ होणार नाही. ते खरं ठरेलही. पण 2013 मध्ये लीग फक्त ग्राहकाला माल विकणारी होती, आता करारानुसार ती भागीदार आहे. आणि तेव्हा वेगळं छापू शकणारं जे मासिक होतं, ते आज छापलं जात नाही.

म्हणून या कराराची परीक्षा नव्या लोगोवर किंवा नव्या अॅपवर होणार नाही. लीगला अडचणीत आणणारी पुढची मोठी बातमी येईल, तेव्हा ती ईएसपीएनवर सर्वात आधी येते की सर्वात शेवटी, यावर ती होईल.