वडशाच्या हवेचा आकडा येतो कुठून?

मोबाइलवर वडशाचं तापमान बघितलं की खाली हवेचा एक्यूआयही दिसतो. कधी हिरवा, कधी पिवळा. पण जवळ मोजणी केंद्र नसेल, तर अॅप उपग्रहाची माहिती आणि संगणकाचं गणित जोडून नुसता अंदाज सांगतं. राइस मिलजवळच्या वस्तीत आज किती धूळ आहे, हे त्यातून कळत नाही.

केंद्र सरकारने जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. त्यात चंद्रपूर आहे. देसाईगंज, गडचिरोली नाहीत. यादीत मुख्यतः अशी शहरं आली, जिथे सलग पाच वर्षं मानकापेक्षा जास्त प्रदूषण नोंदलं गेलं. म्हणजे यादीत यायलाही आधी मोजणी हवी. जिथे यंत्रच नाही, तिथली हवा कागदावर कायम स्वच्छ!

शंभरेक किलोमीटरवरच्या चंद्रपूरकडे बघा. कोळसा खाणी, सिमेंट कारखाने, औष्णिक वीज केंद्र, सगळं आधी आलं. २००९ च्या औद्योगिक प्रदूषण निर्देशांकात ८३.८८ गुणांसह चंद्रपूर देशात चौथं होतं. तोवर उशीर झाला होता.

आता पाळी गडचिरोलीची. सुरजागडला लोहखनिजाची खाण, कोनसरीला पोलाद प्रकल्प, शिवाय वडसा-गडचिरोली रेल्वेमार्ग. रोजगार हवाच, त्यात वाद नाही. पण उद्या हवा बिघडली असं म्हणायचं, तर आज ती कशी होती याची नोंद लागेल. सध्या पर्यावरण अहवालासाठी हवा मोजली जाते ती साधारण एका हंगामापुरती, तीही कंपनीने नेमलेल्या सल्लागाराकडून.

सगळा दोष कारखान्यांचाही नाही. मोहफुलं वेचायला उन्हाळ्यात जाळलेला पालापाचोळा, चुलीचा धूर, रस्त्याकडेला पेटवलेला कचरा हे आपलंच आहे. पीएम २.५ म्हणजे फुप्फुसात खोल जाणारे बारीक कण. त्यांची आपली वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची फक्त ५. कण कोणत्या धुरातून आला, हे फुप्फुस विचारत नाही.

मग कॉलेजवाल्यांनी काय करायचं? काही हजारांत साधा सेन्सर मिळतो. सायन्सच्या मुलांनी तो गच्चीवर लावून वर्षभर रोज नोंद ठेवावी. पावसाळ्यात दमट हवेमुळे तो जास्त आकडा दाखवतो, म्हणून चंद्रपूरच्या सरकारी यंत्राशेजारी एकदा पडताळून घ्यावा. प्रकल्पाच्या जनसुनावणीआधी ३० दिवसांची सूचना द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश मराठीत मिळतो. तो वाचून जा.

सेन्सरची नोंद कोर्टात टिकेलच असं नाही. पण ‘इथे सरकारी मोजणी केंद्र द्या’ ही मागणी नगर परिषदेत आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नेताना हातात वर्षभराचे आकडे असतील. नुसत्या निवेदनापेक्षा त्याला वजन येतं.