विहारधामाची अक्षयनीवी

कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास पूर्ण होतो आणि साधू-साध्वींचे विहार पुन्हा सुरू होतात. मुंबईहून नाशिककडे येणाऱ्यांच्या वाटेत शहापूर, कसारा, इगतपुरी, घोटी, वाडीवऱ्हे, विल्होळी ही गावे लागतात. या वाटेवरचा सर्वांत खडतर दिवस कसारा ते इगतपुरी हा होय. या दोन गावांच्या रेल्वे स्थानकांच्या उंचीतच सुमारे 300 मीटरचे अंतर आहे. रेल्वेगाडी जे अंतर जास्तीचे इंजिन लावून चढते, ते साध्वीजी अनवाणी पायांनी, खांद्यावर उपधी घेऊन चढतात.

ईर्यासमितीचे पालन करायचे म्हणजे दृष्टी पुढच्या चार हात जमिनीवर ठेवायची. घाटात मात्र मागून मालट्रक येत असतो. पायाखालचा जीव जपावा की मागचा आवाज ऐकावा, असा तो प्रसंग. ऊन तापण्यापूर्वी मुक्काम गाठावा म्हणून पुष्कळदा पहाटेच्या अंधूक प्रकाशातच पावले उचलली जातात आणि रस्त्यावर तीच वेळ सर्वांत धोक्याची असते. चमकणाऱ्या पट्ट्यांची जाकिटे घालून बरोबर चालणारे तरुण विहारसेवक करीत असलेली वैयावच्च कोणत्याही दानाहून कमी नाही. जून 2025 मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा टप्पा खुला झाला. त्यातील सुमारे 8 किलोमीटरच्या बोगद्यातून मोटार काही मिनिटांत डोंगर पार करते. परंतु त्या मार्गावर पादचाऱ्याला प्रवेश नाही. पायी चालणाऱ्याच्या वाट्याला जुना घाटच राहिला.

घाट चढून आल्यावर लागते ती चार भिंतींची सावली, पक्के पाणी आणि सूर्यास्तापूर्वी गोचरीची सोय. त्यासाठीच समाजाने महामार्गांवर ठिकठिकाणी विहारधामे उभारली. बांधकामासाठी दाते सहज मिळतात, कारण खोलीवर नाव कोरता येते. अडचण पुढे येते. राखणदाराचा पगार, वीजबिल, पाण्याची टाकी, पावसाळ्यानंतरची डागडुजी यांवर कोणाचेच नाव कोरता येत नाही. पहिली काही वर्षे उत्साहात जातात. मग राखणदार काम सोडतो, किल्ली दूरच्या एखाद्या दुकानदाराकडे राहते आणि थकून आलेल्या संघाड्याला दाराशी थांबावे लागते.

या प्रश्नाचा विचार नाशिकमध्ये फार पूर्वी झालेला आहे. पांडवलेण्यांतील 10 क्रमांकाच्या लेण्यात नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शूर्पारक या ठिकाणी त्याने प्रवाशांसाठी निवारे बांधले, विहिरी खोदल्या. तापी, दमणा, डहाणुका यांसारख्या नद्यांवर विनामूल्य होड्या ठेवल्या. शूर्पारक म्हणजे आजचे नालासोपारा; गोवर्धन हे नाशिकजवळचे गाव. किनाऱ्यावरच्या आणि घाटमाथ्यावरच्या वाटसरूंची ही केवढी मोठी सोय! तथापि व्यापारी वाचकाने थांबून वाचावा असा लेख दुसराच आहे.

लेण्यात वर्षावास करणाऱ्या बौद्ध भिक्षूंसाठी त्याने 3000 कार्षापणांची अक्षयनीवी, म्हणजे कायम ठेव, नेमून दिली. त्यातील 2000 गोवर्धनच्या विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा 1 दराने आणि 1000 दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण दराने ठेवले. मुद्दल परत घ्यायचे नाही, केवळ व्याज उपभोगायचे, अशी स्पष्ट अट. 2000 चे वर्षाचे व्याज 240 होते. लेखात वीस भिक्षूंना प्रत्येकी 12 कार्षापण वस्त्रासाठी द्यावेत असे म्हटले आहे. वीस गुणिले बारा, बरोबर 240. दुसऱ्या ठेवीचे 90 अन्य खर्चासाठी. आधी खर्च ठरवला आणि मग त्याला पुरेल एवढी रक्कम बाजूला काढली, असा हा व्यवहार दिसतो. ठेव दोन ठिकाणी विभागली आहे, हेही ध्यानात घेण्याजोगे.

हीच रीत आज लावून पाहावी. एका विहारधामाच्या राखणदारास दरमहा 12,000 रुपये आणि वीज, पाणी, डागडुजी यांसाठी 3,000 रुपये धरले, तर वर्षाला 1,80,000 रुपये लागतात. 6 टक्के व्याजाने यासाठी 30 लाखांची मुदत ठेव हवी. पगार आणि भाव दरवर्षी वाढणार, म्हणून व्याजाचा काही भाग मुद्दलात परत घालावा लागेल. तेव्हा 40 लाख अधिक सुरक्षित. बांधकामाला हात घालण्यापूर्वीच विश्वस्तांनी ही रक्कम मागावी. ती जमत नसेल, तर नवी इमारत उभारण्यापेक्षा जवळच्या बंद पडलेल्या विहारधामाला ती द्यावी. मुद्दलाला हात लावण्याची मुभा विश्वस्तपत्रात ठेवू नये. अडचणीच्या वर्षी प्रथम तिचाच वापर होतो.

उषवदाताने हे दान निगमसभेत ऐकवले आणि दप्तरखान्यात फळ्यावर नोंदवून घेतले, अशी नोंद लेखाच्या शेवटी आहे.