गप्पांचे पैसे

'मन मोकळं करायला मित्र आहेत, घरची माणसं आहेत. परक्या माणसाला गप्पांचे पैसे कशाला मोजायचे?' मानसोपचाराचं नाव निघालं की हा सवाल ठरलेला. त्याला जोडूनच, 'आमच्या पिढीला कुठं लागले समुपदेशक?' लागत होते की! पण बहुतेकांच्या वाट्याला अंगारा यायचा, नाहीतर 'ठाण्याला नेऊन भरती करू' ही धमकी. पहिला सवाल मात्र बिनतोड वाटतो, म्हणून त्याचाच समाचार घेऊ.

मित्र ऐकतो, पण त्याला आपली बाजू घ्यावी लागते. आई ऐकते आणि रात्रभर तळमळते, म्हणून पुढच्या खेपेला आपण तिला निम्मंच सांगतो. 'जाऊ दे रे, होईल सगळं नीट' यात माया असते, पण विषय तिथंच मिटतो. थेरपिस्टचं काम तिथून पुढं सुरू होतं, कारण आपल्या बरं-वाईट वाटण्यात त्याचा घरोबा गुंतलेला नसतो.

पहिल्याच भेटीत हलकं वाटेल, ही आशाही घरीच ठेवून जावं. बराच वेळ चौकशीत जातो. झोप लागते का, कुठली औषधं चालू आहेत, घरात आणखी कुणाला असा त्रास होता का, जीव द्यावासा वाटतो का. हा शेवटचा प्रश्न इतका सरळ आला की माणूस दचकतो. पण विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. आधीच असेल तर बोलायला वाट मिळते. गोपनीयतेचंही तेव्हाच बोलून घ्यावं. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं तो रुग्णाचा हक्क आहे, मात्र कुणाच्या जिवाला धोका असेल तिथं अपवाद आहे. आणि पाऊण तास झाला की वेळ संपते, विषय ऐन भरात असला तरी. कोरडं वाटतं खरं.

मग गप्पा कुठं आहेत? अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडलेली आणि कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती घ्या. साहेबांनी मेसेज वाचला, उत्तर दिलं नाही; छातीत धडधड सुरू. आपण खापर साहेबांवर फोडतो. ही पद्धत मधलं दडलेलं वाक्य शोधते: 'त्यांची मर्जी गेली, म्हणजे मी कुचकामी.' ते वहीत उतरवायचं आणि पुरावा मागायचा. बरं, मर्जी खरोखरच गेली असली, तरी 'कुचकामी' कुठून आलं? असं आठवडाभर करून वही पुढच्या भेटीत दाखवायची. हिला गप्पा म्हणणाऱ्यानं एक पान भरून पाहावं.

पैशांची तक्रार मात्र खोटी नाही. दर आठवड्याची फी अनेकांच्या आवाक्याबाहेर असते. २०२२पासून सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत, मराठीतही बोलते; तातडीच्या वेळी ती आधार देते, पण नियमित भेटींची जागा ती घेत नाही. आणि दुकानं मांडून बसलेले 'हीलर' आहेतच! क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते; ती बेलाशक विचारावी. विचारल्यावर जो चिडेल, त्याच्याकडून उठून यावं.

एखाद्या भेटीनंतर दोन दिवस जास्तच जड जातात, तेवढ्यावरून पळ काढू नये. पण चार-पाच भेटींनंतरही सूर जुळत नसेल, तर ते तोंडावर सांगावं. जाणता थेरपिस्ट काय अडतंय ते विचारील आणि गरज पडली तर न रुसता दुसऱ्याचं नाव सुचवील.