शाकाहारी आहोत म्हणून?



परवा मंदिरात स्वाध्याय संपल्यावर पुन्हा तेच वाक्य कानावर आलं. "आपलं कंदमूळ नाही, रात्रीचं जेवण नाही, पाणी गाळून घेतलेलं. कोरोना आपल्याला काय करणार होता?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही गप्प बसले आणि घरी येऊन स्वतःवरच चिडले.

२०२१ च्या एप्रिलमध्ये आमच्या काकू (माझ्या चुलत सासूबाई) कोरोनाने गेल्या. कांदा-लसूण त्यांनी जन्मात खाल्ला नव्हता. वय ६८, वजन जास्त, बारा वर्षांचा मधुमेह. संध्याकाळची गोळी त्या बहुतेक दिवशी घ्यायच्याच नाहीत, कारण सूर्यास्तानंतर तोंडात काही घालायचं नाही. हे आम्हाला कळलं ते दवाखान्यात, साखर मोजली तेव्हा.

विषाणू कुणाचं ताट बघत नाही. तो जड जातो वय झालेल्यांना, साठीनंतर तर दर दहा वर्षांनी जास्तच. मग ताब्यात नसलेली साखर, लठ्ठपणा, हृदय, किडनी नाहीतर फुप्फुसाचं जुनं दुखणं, कॅन्सरचे उपचार, आणि लस न घेणं. या यादीत 'मांसाहारी' कुठे आहे, दाखवा मला! आणि शाकाहार म्हणजे पथ्य, हे कुणी सांगितलं? जिलेबी शाकाहारीच असते, शेव-फरसाणही. पारण्याच्या पंगतीत आपण काय वाढतो ते आठवा. त्याच वर्षी काळ्या बुरशीने किती जणांचे डोळे गेले. त्यांतल्या बहुतेकांना मधुमेह होता.

"असातावेदनीय कर्माचा उदय, त्याला काय करणार?" असं एक ताई म्हणाल्या. उदय मलाही मान्य आहे. पण मुनिमहाराज पिंछीने जागा झाडूनच बसतात ना? मुंगीचा उदय असेल तर मरेल, असं म्हणून बसत नाहीत. मुंगीसाठी एवढी काळजी, आणि घरातल्या सासूबाईंची साखर सहा महिने कुणी तपासलेली नसते. स्वतःची तर सोडाच.

नियम मोडा असं मी म्हणत नाही, मीही पाळते. डॉक्टरांना फक्त सरळ सांगा की आम्ही दिवस मावळायच्या आत जेवतो. बऱ्याच गोळ्यांची वेळ त्याप्रमाणे बसवता येते. दशलक्षणात उपवास धरणार असाल तर आठ दिवस आधीच विचारा. मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन मनाने बंद करायचं नाही, आणि उपाशीपोटी रोजचाच डोसही घ्यायचा नाही, साखर एकदम उतरते. डॉक्टर म्हणाले यंदा उपवास नको, तर एकाशन करा, रसत्याग करा. व्रतांना काय तोटा आहे आपल्याकडे?

काकूंना गोळीचं कुणी विचारलं नव्हतं. संध्याकाळी पाचला त्यांचं ताट मीच वाढत होते.